आकड्यापलीकडच्या प्लेटलेट्स

रक्ततपासणीच्या अहवालातील प्लेटलेट्सचा आकडा आज घरोघरी वाचला जातो आणि पावसाळ्यातल्या तापाच्या दिवसांत तर त्या एका आकड्यावर साऱ्या घराचा जीव टांगलेला असतो; परंतु त्यातून रक्तात प्लेटलेट्स किती आहेत एवढेच कळते, त्या काम कसे करतात, किती ताज्या आहेत आणि त्यांच्यापासून सुटून रक्तात फिरणारे अतिसूक्ष्म तुकडे, म्हणजे सूक्ष्मकण, कोणता परिणाम घडवीत आहेत, हे कळत नाही. प्लेटलेट्सच्या विकारांवर दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या संशोधनाचा बराचसा भाग या न दिसणाऱ्या बाजूविषयीच आहे. सामान्य रुग्णाला या संशोधनाचा उपयोग दोन ठिकाणी होतो: कमी आकड्याने केव्हा घाबरावे आणि केव्हा घाबरू नये हे त्यातून समजते, आणि सूक्ष्मकण किंवा एक्झोसोम यांच्या नावाने जे दावे कानावर येतात त्यांची पारख करता येते.

प्लेटलेट, म्हणजेच शालेय पुस्तकांतील रक्तपट्टिका, ही पूर्ण पेशी नसून पेशीचा केंद्रकविरहित तुकडा असते. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या मोठ्या पेशी असतात. त्यांतील प्रत्येक पेशी आपल्या देहाचे लांब धागे रक्तवाहिनीत सोडते आणि त्या धाग्यांचे तुकडे होऊन हजारो प्लेटलेट्स तयार होतात. या कणांचा रक्त थांबविण्याशी असलेला संबंध इटालियन वैद्यक ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखविला आणि त्यांचे उगमस्थान अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये निश्चित केले. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात, त्या सात ते दहा दिवस जगतात, आणि कोणत्याही क्षणी त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश प्लीहेत विसावलेल्या असतात. त्यामुळे आकडा कमी दिसला की तीन शक्यता संभवतात: अस्थिमज्जा पुरेशा प्लेटलेट्स तयार करीत नाही, त्या तयार होऊनही रक्तात नष्ट होत आहेत, किंवा वाढलेली प्लीहा त्यांना अडवून ठेवीत आहे. पुढचा सारा तपास या तिन्हींपैकी काय घडत आहे हे शोधण्यासाठी असतो.

आकडा खरा आहे का?

उपचाराचा विचार करण्यापूर्वी आकडाच तपासून घेणे आवश्यक असते, आणि ही साधी पायरी अनेकदा वगळली जाते. सीबीसी तपासणीसाठी रक्त ज्या नळीत घेतात तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते. काही व्यक्तींच्या रक्तात या रसायनाच्या सान्निध्यात प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके बनतात, यंत्र ते पुंजके मोजत नाही, आणि मुळात तीन लाख असलेला आकडा चाळीस हजार म्हणून छापला जातो. शरीरात मात्र काहीही बिघडलेले नसते. यावर उपाय सोपा आहे: काचपट्टीवर रक्ताचा लेप घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहणे, आणि पुंजके दिसल्यास सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजणी करणे. अंगावर एकही डाग नाही, कुठूनही रक्त येत नाही आणि आकडा मात्र अचानक खूप खाली आला आहे, अशा वेळी रुग्णाने डॉक्टरांना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा की रक्तलेप कोणी प्रत्यक्ष पाहिला आहे का.

दुसरी गफलत प्लेटलेटच्या आकारामुळे होते. नेहमीची प्लेटलेट दोन ते तीन मायक्रोमीटर रुंद असते. ती तांबड्या पेशीएवढी मोठी झाली तर मोजणीचे साधे यंत्र तिला तांबडी पेशीच समजते. बंगाल आणि ईशान्य भारतातील अनेक निरोगी व्यक्तींमध्ये प्लेटलेट्स जन्मतःच मोठ्या आणि संख्येने कमी असतात. या अवस्थेला हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम असे नाव असून तीत रक्तस्रावाचा त्रास होत नाही. अशा व्यक्तीला रोगप्रतिकारजन्य आजार आहे असे समजून महिनोन्‌महिने स्टेरॉइड दिले जाण्याचा धोका खरा आहे. ज्यांचे जुने अहवाल उपलब्ध आहेत त्यांनी ते काढून पाहावेत, कारण दहा वर्षांपूर्वीही आकडा नव्वद हजारच असेल तर आजच्या नव्वद हजारांचा अर्थ पूर्णपणे बदलतो.

संख्या पुरेशी, काम अपुरे

याच्या नेमकी उलट स्थिती असलेले आजारही आहेत. १९१८ मध्ये स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी वर्णिलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात प्लेटलेट्सची संख्या व आकार अगदी सामान्य असतो, पण त्यांच्या पृष्ठभागावर जे प्रथिन फायब्रिनोजेनच्या साहाय्याने एका प्लेटलेटला दुसरीशी जोडते तेच नसते किंवा सदोष असते. परिणामी सीबीसीचा अहवाल निर्दोष, आणि मुलाचे नाक मात्र तासन्‌तास वाहते, दात पडताना रक्त थांबत नाही, मुलीला पहिल्याच पाळीत रक्त चढवावे लागते. हा दोष आई आणि वडील या दोघांकडूनही आला तरच आजार प्रकट होतो, म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातील कित्येक समाजांत अजूनही असल्याने येथील वाचकांना हे माहीत असणे गरजेचे आहे. निदानासाठी प्लेटलेट्स एकत्र येण्याची क्षमता मोजणारी तपासणी करावी लागते. अशा दुर्मीळ विकारांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत आहे. या रुग्णांना प्लेटलेट्स गरज नसताना चढवू नयेत, कारण त्यांच्या शरीराला अपरिचित असलेल्या त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली तर खऱ्या संकटाच्या वेळी चढविलेल्या प्लेटलेट्स निरुपयोगी ठरतात.

यावरून रुग्णाच्या बाजूने करावयाची सर्वांत मोलाची नोंद कोणती हे कळते: आकड्याची नव्हे, रक्तस्रावाची. त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठणे, किरकोळ आघाताने मोठे काळेनिळे डाग पडणे, दात घासताना हिरड्यांतून रक्त येणे, नाकातील रक्त दहा-पंधरा मिनिटे दाबून धरूनही न थांबणे, पाळीचे दिवस आणि प्रमाण वाढणे, लहानपणी सुंता, टॉन्सिल किंवा दात काढण्याच्या वेळी झालेला त्रास, आणि कुटुंबात आणखी कोणाला असे होते का, हे सारे तारखेसह लिहून ठेवावे. यांतील तोंडाच्या आतल्या बाजूला रक्ताचे फोड येणे हे लक्षण विशेष गंभीर मानले जाते. तीव्र डोकेदुखी, वारंवार उलटी, झापड येणे, डांबरासारखी काळी शौच किंवा लघवीतून रक्त यांपैकी काहीही आढळल्यास आकडा किती आहे याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रतिकारशक्ती उलटते तेव्हा

प्लेटलेट्स कमी होण्याच्या दीर्घकालीन आजारांत सर्वाधिक ऐकू येणारे नाव आयटीपी हे आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट्सवर प्रतिपिंडे चिकटविते आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. हा विनाश रक्तातील एखाद्या घटकामुळे होतो हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९५० मध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत चढवून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत कोसळल्या आणि सुमारे आठवड्याने पूर्ववत झाल्या. आजच्या कोणत्याही नैतिक समितीने असा प्रयोग होऊ दिला नसता, हे खरे. पण १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षावरच या आजाराच्या उपचारांची पुढची इमारत उभी राहिली. हॅरिंग्टन पुढे मायामी विद्यापीठात गेले, आणि सूक्ष्मकणांच्या संशोधनातील एक महत्त्वाचा धागा याच विद्यापीठातून निघतो.

आयटीपीचे निदान प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असताना आणि इतर कारणे वगळल्यानंतर केले जाते. त्यासाठी एचआयव्ही, हेपटायटिस सी, यकृताचे व थायरॉइडचे विकार, ल्युपस आणि चालू असलेली औषधे यांचा विचार व्हावा लागतो. लहान मुलांत हा आजार बहुधा एखाद्या विषाणुसंसर्गानंतर अचानक येतो आणि बहुसंख्य मुले वर्षाच्या आत आपोआप बरी होतात, म्हणून गंभीर रक्तस्राव नसेल तर औषध न देता लक्ष ठेवणे हाच आज मान्य असलेला मार्ग आहे, जरी घरच्यांना तो निष्काळजीपणा वाटत असला तरी. प्रौढांत आकडा तीस हजारांच्या वर आणि रक्तस्राव नसेल तर सामान्यतः निरीक्षण, त्याखाली स्टेरॉइडचा अल्पकालीन कोर्स, आणि त्याने न भागल्यास अस्थिमज्जेला प्लेटलेट्स बनविण्याची चालना देणारी एल्ट्रोम्बोपॅग व रोमिप्लोस्टिम यांसारखी औषधे, रिटुक्सिमॅब किंवा प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया असा क्रम असतो. स्टेरॉइड सहा आठवड्यांहून अधिक रेंगाळू देऊ नये, असे अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्तशर्करा, रक्तदाब, हाडे आणि मन या चारही गोष्टींवर या औषधाचा भार पडतो. आकडा दीड लाख झालाच पाहिजे हे या उपचारांचे उद्दिष्ट नसते, रक्तस्राव टाळणे हे असते, आणि ही गोष्ट रुग्णाने पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घेतली तर पुढची बरीच घालमेल वाचते.

तरीही एक कोडे शिल्लक राहते. आयटीपीचे दोन रुग्ण, दोघांच्याही प्लेटलेट्स पंधरा हजार, एकाचे अंग डागांनी भरलेले आणि दुसरा रोज कामावर जाणारा, असे दृश्य रक्तविकारतज्ज्ञांना नवीन नाही. या फरकाचे एक उत्तर सूक्ष्मकणांनी पुढे आणले.

प्लेटलेटची धूळ

१९४६ मध्ये एर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना असे आढळले की, प्लेटलेट्स काढून टाकलेला रक्तद्रव अतिवेगाने फिरवून त्यातला तळाशी बसणारा गाळही बाजूला केला तर तो रक्तद्रव गोठण्यास अधिक वेळ लागतो; म्हणजे त्या गाळात रक्त गोठविणारे काहीतरी होते. १९६७ मध्ये ब्रिटिश संशोधक पीटर वुल्फ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ते कण पाहिले, ते प्लेटलेट्सपासून सुटलेले आहेत असे दाखविले आणि त्यांना प्लेटलेटची धूळ म्हटले. धूळ म्हटल्यामुळेच की काय, पुढची कित्येक वर्षे बहुतेकांनी त्यांच्याकडे केर म्हणूनच पाहिले.

हे कण साधारणपणे ०.१ ते १ मायक्रोमीटर आकाराचे असतात आणि केवळ प्लेटलेट्सपासूनच नव्हे, तर तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांपासूनही निर्माण होतात. त्यांची निर्मिती समजण्यासाठी पेशीपटलाची रचना लक्षात घ्यावी लागते. पेशीपटल मेदाच्या दोन थरांचे असते आणि फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेदघटक शांत अवस्थेत केवळ आतल्या थरात कोंडलेला असतो. प्लेटलेट उत्तेजित झाली की तिच्यात कॅल्शियम वाढते, स्क्रॅम्ब्लेज नावाचे प्रथिन दोन्ही थरांतील घटकांची सरमिसळ करते, फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते, आतला सांगाडा कॅल्शियमवर चालणाऱ्या विकरांमुळे सैल होतो आणि पटलाचे फुगे तुटून वेगळे होतात. गोठण्याच्या साखळीतील घटकांना एकत्र येऊन काम करण्यासाठी नेमका असाच ऋणभारित पृष्ठभाग लागतो. प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार, समान क्षेत्रफळाचा विचार केला तर प्लेटलेट सूक्ष्मकणांचा पृष्ठभाग उत्तेजित प्लेटलेटच्या पृष्ठभागापेक्षा पन्नास ते शंभर पट अधिक गोठणकारी असतो.

ही यंत्रणा बंद पडली तर काय होते याचा दाखला निसर्गानेच दिला आहे. १९७९ मध्ये वर्णिलेल्या स्कॉट सिंड्रोम या अत्यंत दुर्मीळ विकारात प्लेटलेट्सची संख्या आणि एकत्र येण्याची क्षमता दोन्ही ठीक असतात, पण फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येत नाही आणि सूक्ष्मकण नीट सुटत नाहीत; रुग्णाला शस्त्रक्रिया, दात काढणे किंवा बाळंतपण यांनंतर गंभीर रक्तस्राव होतो. त्यामागे टीएमईएम१६एफ या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तन आहे हे २०१० मध्ये उलगडले.

आता आयटीपीच्या कोड्याकडे परत येता येते. मायामी विद्यापीठात येऑन आन, वेन्चे जी आणि लॉरेन्स हॉर्स्टमन यांच्या गटाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्लेटलेट्स तितक्याच कमी असूनही ज्या रुग्णांच्या रक्तात प्लेटलेट सूक्ष्मकण अधिक होते त्यांना रक्तस्राव कमी होत असल्याचे आढळले. संख्येची उणीव हे कण काही अंशी भरून काढतात, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. मात्र त्याच गटाने दुसरी बाजूही पुढे ठेवली: सूक्ष्मकण फार असलेल्या काही रुग्णांत मेंदूच्या बारीक वाहिन्यांत रक्तप्रवाह अडल्यासारखी लक्षणे दिसत होती. रक्तस्रावाचा म्हणून ओळखला जाणारा आयटीपी हा आजार गुठळ्यांचा धोकाही थोडा वाढवितो, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून आयटीपीच्या रुग्णाला एका पायाला सूज व वेदना, अचानक धाप, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा जाणवल्यास आपल्या प्लेटलेट्स कमी आहेत, त्यामुळे गुठळी होणार नाही, अशी समजूत करून घेऊन त्याने वेळ दवडू नये.

संख्या घटते आणि तरीही रक्त गोठते, या विरोधाभासाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण हेपॅरिनमुळे होणारी प्लेटलेट्सची घट हे आहे. हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शन सुरू झाल्यापासून बहुधा पाच ते दहा दिवसांत काही रुग्णांच्या प्लेटलेट्स निम्म्याहून अधिक घटतात, पण त्यांना रक्तस्राव न होता उलट गुठळ्या होतात. कॅनडातील हॅमिल्टन येथे थिओडोर वॉर्केंटिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले की, अशा रुग्णांच्या रक्तजलातील प्रतिपिंडे निरोगी प्लेटलेट्सना उत्तेजित करून त्यांच्यापासून गोठणकारी सूक्ष्मकण निर्माण करवितात. येथे योग्य कृती म्हणजे हेपॅरिन तत्काळ थांबवून दुसऱ्या प्रकारचे गोठणरोधक देणे. घटलेला आकडा पाहून सरसकट प्लेटलेट्स चढविणे योग्य ठरत नाही. हृदयशस्त्रक्रिया किंवा डायलिसिस झालेल्या रुग्णाला एकदा ही प्रतिक्रिया आली असेल तर ती त्याच्या प्रत्येक कागदपत्रावर ठळकपणे लिहिलेली असावी.

तांबड्या पेशींचे सूक्ष्मकण हा स्वतंत्र मोठा विषय आहे आणि विदर्भ व खानदेशाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात प्राणवायू कमी पडताच सदोष हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, पेशी वाकड्या व ताठर होतात, त्यांच्या पटलाचे तुकडे सुटतात, आणि हे तुकडे गाळून काढणारी प्लीहा अनेकांत बालपणातच निकामी झालेली असल्याने ते रक्तात साचून राहतात. थॅलसेमियाच्या ज्या रुग्णांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली असते त्यांनाही गुठळ्यांचा धोका वाढतो, तो बराचसा याच कारणाने. पाणी भरपूर पिणे, थंडी आणि दमणूक टाळणे, हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणे हा सिकलसेलचा रोजचा सल्ला सूक्ष्मकणांच्या शोधाआधीपासूनचा आहे, आणि या शोधाने त्यात फरक पडलेला नाही. प्लीहा काढण्याचा निर्णय मात्र पूर्वीपेक्षा अधिक विचाराने घेतला जाऊ लागला आहे.

डेंग्यूतील घाई

महाराष्ट्र आणि गोव्यात प्लेटलेट हा शब्द घराघरांत पोहोचला तो डेंग्यूमुळे, आणि सर्वाधिक गैरसमजही तेथेच आहेत. डेंग्यूत माणूस दगावतो तो प्रामुख्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागल्याने. रक्तद्रव बाहेर निसटतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब कोसळतो. हा काळ ताप उतरत असतानाचा, साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा असतो, म्हणून ताप गेला आता सुटलो असे समजून बेसावध होणे घातक ठरते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा ग्लानी, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे ही लक्षणे प्लेटलेट्सच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहेत, आणि अहवालात प्लेटलेट्सबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, वाढत आहे का हे पाहिले पाहिजे.

ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले की, डेंग्यूच्या विषाणूने उत्तेजित झालेल्या प्लेटलेट्स इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहकारक द्रव्य सूक्ष्मकणांत भरून बाहेर सोडतात आणि त्यामुळे वाहिन्यांचे अस्तर अधिक झिरपते. दुसऱ्या शब्दांत, प्लेटलेट ही या आजारात केवळ बळी पडत नाही, ती हानीत भागीदारही होते. सिंगापूर व मलेशियात झालेल्या आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आलेल्या चाचणीत, वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्या पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांना खबरदारी म्हणून प्लेटलेट्स चढविल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. नातेवाइकांनी रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजविण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे की रक्तस्राव होत आहे म्हणून प्लेटलेट्स हव्या आहेत की केवळ आकड्यासाठी. पपईच्या पानांच्या अर्काने आकडा थोडा लवकर वाढल्याचे काही लहान अभ्यासांत आढळले असले तरी त्याने रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात हे सिद्ध झालेले नाही, आणि शेळीच्या दुधाला किंवा किवी फळाला तर तेवढाही आधार नाही. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांपासून दूर राहावे, कारण ती प्लेटलेट्सचे काम बिघडवितात. स्नायूंत दिली जाणारी इंजेक्शनेही टाळावीत.

संशोधनाचे दावे कसे तपासावेत

इतके सारे वाचल्यावर आपल्या रक्तातील सूक्ष्मकण मोजून घ्यावेत असे कोणाला वाटणे स्वाभाविक आहे. आजतरी त्याचा उपयोग नाही. हे कण फ्लो सायटोमेट्री या पद्धतीने मोजतात. तीत कणांना रंगीत प्रतिपिंडे चिकटवून ते एकेक करून लेझर किरणासमोरून नेले जातात. परंतु जुन्या यंत्रांना अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा लहान कण नीट दिसतच नसत, म्हणजे मोजला जात होता तो बहुसंख्य कण वगळून उरलेला थोडासा भाग. त्याहून मोठी अडचण म्हणजे रक्त काढल्यानंतरही नळीत नवे कण तयार होत राहतात. सुई फार बारीक असली, दंडाला पट्टा फार वेळ बांधलेला राहिला, नळी हिंदकळली, प्लेटलेट्स पूर्ण वेगळ्या करण्याआधीच रक्तद्रव गोठवून ठेवला, तर आकडा कित्येक पटींनी बदलतो. इंटरनॅशनल सोसायटी ऑन थ्रॉम्बोसिस अँड हिमोस्टॅसिस या संस्थेने अनेक देशांतील प्रयोगशाळांना एकाच पद्धतीवर आणण्याचे प्रयत्न केले आहेत, तरीही दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील अशी स्थिती नाही आणि नेहमीच्या उपचारांत वापरता येईल अशी सर्वमान्य सामान्य मर्यादाही ठरलेली नाही. म्हणून या क्षेत्रातील एखादी बातमी वाचताना रुग्णसंख्या किती होती, कण कोणत्या पेशीचे होते, रक्त कसे हाताळले गेले, आणि कण हे आजाराचे कारण ठरले की केवळ त्याची खूण, एवढे चार प्रश्न मनाशी धरावेत. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक अभ्यासांत तो अनुत्तरितच राहतो. शिवाय निरोगी रक्तातील ज्या कणांवर प्लेटलेटची खूण असते त्यांतील पुष्कळसे थेट मेगाकॅरिओसाइटपासून आलेले असतात असे २००९ मध्ये दिसून आल्याने, जुन्या अभ्यासांतील प्लेटलेट सूक्ष्मकण या वर्णनाकडेही थोडे सावधपणे पाहावे लागते.

बाजाराला एवढा संयम नसतो. केस गळणे, गुडघेदुखी, त्वचेवरील सुरकुत्या यांसाठी एक्झोसोमची इंजेक्शने विकणारी केंद्रे मोठ्या शहरांत दिसू लागली आहेत. एक्झोसोम म्हणजे पेशींच्या आत बनून बाहेर पडणारे, सूक्ष्मकणांहूनही लहान कण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये अशा उत्पादनांमुळे झालेल्या गंभीर दुष्परिणामांविषयी जाहीर इशारा दिला होता. ज्या कणांच्या पृष्ठभागाला रक्त गोठविण्याची क्षमता असू शकते ते शुद्धता व मात्रा यांची हमी नसताना शरीरात टोचून घेणे हे किमान प्लेटलेट किंवा गुठळीचा विकार असलेल्या व्यक्तीने तरी टाळावे. स्वतःच्या रक्तापासून बनविलेले पीआरपी हे वेगळे असते, पण प्लेटलेट्स कमी असणाऱ्याने तेही रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अधिकृत संशोधनात सहभागी होण्याची विनंती झाल्यास मात्र ती सरसकट नाकारण्याचे कारण नाही. नैतिक समितीची मान्यता आहे का, किती रक्त घेतले जाणार, तपासणीचा खर्च कोण करणार, निष्कर्ष रुग्णाला कळविले जाणार का आणि मधेच बाहेर पडता येईल का, हे मराठीतील संमतिपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे आणि सही करण्यापूर्वी ते घरी नेऊन वाचण्याची मुभा असावी. नमुना देण्याच्या आधी घेतलेली वेदनाशामके, नुकताच येऊन गेलेला ताप, चढविलेले रक्त किंवा प्लेटलेट्स यांची माहिती न विचारताही द्यावी, कारण रक्तपेढीत वीस ते चोवीस अंश तापमानात हलत्या तबकांवर पाच दिवसांपर्यंत ठेवलेल्या प्लेटलेट्सच्या पिशवीत सूक्ष्मकण दिवसागणिक वाढत जातात आणि त्यांतले काही चढविलेल्या रुग्णाच्या नमुन्यात उतरू शकतात.